कॅलेंडरवरची खूण नवऱ्यालाही वाचता यावी

तीर्थपुरीतले कायदेविषयक शिबिर आटोपून बुद्धविहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो. एक तरुण जोडपे बाजूला थांबलेले. नवरा ऊसतोडीला जाणारा, बायको कडेवर वर्षाचे लेकरू घेऊन. "वकीलसाहेब, जरा खासगीत बोलायचं होतं," तो म्हणाला आणि पुढे गप्पच. शेवटी बाईच बोलली. "दादा, आम्ही दिवस पाळत होतो. तरी राहिलं. दोन महिने झाले. डॉक्टर म्हणतात, तुम्ही काही साधनच वापरलं नाही, मग पाडायचं कायद्यात कसं बसंल?"

डॉक्टर कोण, ते सांगत नाही. त्यांच्यासारखे बोलणारे मला बरेच भेटले आहेत. पण त्यांनी कायदा वाचलेला नाही. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या कलम ३ च्या स्पष्टीकरणात 'साधन किंवा पद्धत' असे दोन्ही शब्द आहेत. दिवस पाळणे ही पद्धतच आहे. ती फसून राहिलेल्या गर्भामुळे होणारा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानावा, असे कायदा सांगतो. पावती, पाकीट असला कुठलाही पुरावा तो मागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, आणि संमती लागते ती फक्त सज्ञान बाईची. नवऱ्याची सही लागत नाही. नवरा शेजारी उभा असतानाच मी हे सांगितले. त्याने मान हलवली. सरकारी रुग्णालयात जा, म्हणालो.

मग विचारले, दिवस पाळता म्हणजे नेमके काय करता? उत्तर ऐकून मी पायरीवरच बसलो. पाळीच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस ते दूर राहत. मधले दिवस 'मोकळे'. म्हणजे नेमके उलटे! स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडते आणि जेमतेम दिवसभर टिकते. पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. ज्या दिवसांना ते मोकळे समजत होते, तेच धोक्याचे होते. शिवाय अंगावर पाजत असल्याने तिची पाळी अजून मागेपुढे होत होती. अशा वेळी कुठलीही मोजणी चालत नाही. हे तुम्हाला कोणी शिकवले? आत्याबाईंनी. आणि आत्याबाईंना? कोणी नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलणारे फक्त धर्मग्रंथ होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला आहे, आणि सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी असे गणितही मांडले आहे. त्या ग्रंथाला महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी अग्नी दिला गेला, पण हे गणित काही जळाले नाही. २०२० मध्ये एका कीर्तनकारांच्या याच अर्थाच्या विधानावरून प्रकरण गर्भलिंगनिदान कायद्याखाली कोर्टात गेले. उलट त्याच १९२७ साली र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून शरीराची माहिती मराठीत, उघडपणे द्यायला सुरुवात केली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले. बाळंतपणाच्या कळा पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर त्यांनी काय केले असते, हा त्यातला रोख आजही झोंबतो. ठराव फेटाळला गेला. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीच्या लोधी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातल्या रामनगरम येथे बायकांना दिवस मोजण्यासाठी मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. तो प्रयोग फसला. माळ बाईच्या हाती होती, रात्रीचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या हाती!

हे मी अनुभवाने सांगतो. थोरली मुलगी झाल्यावर माझ्या पत्नीने तांबी बसवली, रक्तस्राव थांबेना, काढावी लागली. गोळ्यांनी डोके धरायचे. नात्यातल्या एका परिचारिकेने आम्हा दोघांना समोर बसवून शिकवले. पहिले सहा महिने फक्त नोंद ठेवायची, तोवर निरोध वापरायचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे लिटर निळ्या पेनाने, पाळीचा पहिला दिवस लाल गोलाने. पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत नियमित येत असेल तर पहिल्या दिवसापासून मोजून आठवा ते एकोणिसावा दिवस सांभाळायचा. त्यातच अंडे फोडल्यावर दिसणाऱ्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, ताणला जाणारा स्राव दिसला की धोका जवळ आला समजायचे. वकिली करून आठ वर्षे झाली होती, पण हे मला ठाऊक नव्हते. लाल गोल करायचे काम पुढे माझ्याकडे आले आणि मला कळले, की या विषयावर बायकोशी दोन वाक्येही मी कधी नीट बोललो नव्हतो. विटाळ मानत नाही असे भाषणात सांगणारा मी, 'पाळी' हा शब्द घरात उच्चारत नव्हतो. आपल्या किती घरांत अजून 'कावळा शिवला' म्हणतात, ते ज्याचे त्याने तपासावे.

दोन लेकरांत चार वर्षांचे अंतर राहिले. तरी मी या पद्धतीची जाहिरात करणार नाही. बारा दिवस सांभाळण्याची ही पद्धत अगदी काटेकोर पाळली तरी वर्षाला शंभरात पाच स्त्रियांना दिवस जातात. सर्वसाधारण वापरात बाराएक. तांबीत हे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. गुप्तरोग, एचआयव्ही यांपासून संरक्षण नाही ते वेगळेच. आणि ज्या घरात नवरा दारू पिऊन येतो, 'नको' ऐकून घेत नाही, तिथे कॅलेंडर काय करील? त्या बाईला स्वतःच्या ताब्यातले साधन हवे.

एक गोष्ट मात्र जोडप्याच्याच हातात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांची शंभरात एकही नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये शिबिरातल्या शस्त्रक्रियांनंतर तेरा बायका दगावल्या. त्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिश्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगितले. पुरुषाची बिनटाका नसबंदी याहून कितीतरी सोपी आहे. दुसऱ्या मुलानंतर मी करून घेतली. आईने आठवडाभर अबोला धरला.

तीर्थपुरीच्या त्या जोडप्याला हेही सांगितले होते. बाईचे काम सरकारी रुग्णालयात नीट झाले, असा निरोप आला. परवा नवऱ्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "वकीलसाहेब, ते बिनटाक्याचं. झाल्यावर कामाला कधी जाता येतं?"

"दोन दिवस विश्रांती. आणि लगेच मोकळं नाही, तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करायची."

"ते ठीक. पण मोळी उचलायला?"

"आठवड्याने. डॉक्टरांना विचारून."

"मग कारखाना सुरू व्हायच्या आत उरकतो," तो म्हणाला.