उरणच्या अंगणात ठेंगणी सोनेरी मोरपंखी

उरण तालुका हा मूळचा भातशेतीचा आणि मिठागरांचा मुलूख. १९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि पुढील काळात तालुक्यातील पुष्कळशी खाचरे व मिठागरे रस्ते, गोदामे आणि इमारती यांच्याखाली गेली. घरापुढील दहा-पंधरा फुटांचे अंगण हीच आता अनेक कुटुंबांची बाग होय. एवढ्या जागेत आंबा किंवा फणस मावत नाही. म्हणून लहान राहणारी, बारमाही पानांची शोभेची झाडे लावण्याकडे लोकांचा कल आहे. त्यांत ठेंगणी सोनेरी मोरपंखी विशेष आवडीची आहे. परंतु हौसेने आणलेले हे रोप पहिला पावसाळा उलटताच तांबूस पडून वाळते, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे खरे कारण ध्यानात घेतल्यास हे नुकसान टाळता येते.

झाडाची ओळख

मोरपंखी हे देवदार व चीड यांच्याप्रमाणे अनावृतबीज वर्गातील झाड आहे. त्यास फुले व फळे येत नाहीत. निळसर हिरवी, आकड्यांसारखी टोके असलेली लहान बोंडे येतात. पाने खवल्यांप्रमाणे एकावर एक बसलेली असून चपट्या फांद्या पंख्यासारख्या उभ्या वाढतात. शाळकरी मुले हिचीच डहाळी ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपून ठेवतात. लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला ‘थुजा’ या प्रजातीत घातले. आज तिचे शास्त्रीय नाव ‘प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस’ असे असले तरी रोपवाटिकांत ‘गोल्डन थुजा’ हेच नाव चालते. तिचे मूळ स्थान चीन, कोरिया व त्यांलगतचा प्रदेश होय. तेथे ती डोंगरउतारावरील खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीतही वाढते.

‘ऑरिया नाना’ हा तिचा ठेंगणा सोनेरी वाण आहे. त्याचा आकार अंड्यासारखा असून दहा वर्षांत तो साधारणपणे एक मीटरच्या आसपास उंच होतो. बियांपासून केलेल्या रोपांत मूळ वाणाचे गुण हमखास उतरत नाहीत. असे रोप पुढे बरेच उंच होऊन अंगणात अडचण करते. याकरिता छाट कलमापासून तयार केलेले रोपच विचारून घ्यावे.

रोप कशाने मरते?

बहुतेक लोकांची समजूत अशी की, ऑक्टोबरच्या कडक उन्हाने मोरपंखी करपते. म्हणून ते अधिक पाणी घालतात आणि उरलीसुरली आशाही नाहीशी होते. वस्तुतः ऑक्टोबरात वाळलेले झाड बहुधा जुलै-ऑगस्टमध्येच आतून मेलेले असते.

जून ते सप्टेंबर या काळात उरणला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साठ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल अशा खड्ड्यात २१६ लिटर माती मावते. दोन हजार मिलिमीटर पावसाचे सरळ त्यावर पडणारे पाणीच ७२० लिटर, म्हणजे खड्ड्याच्या तिपटीहून अधिक होते. छपराच्या वळचणीचे पाणी वेगळेच. खालची जमीन घट्ट असली तर तो खड्डा हौदासारखा भरून राहतो. मातीतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि मूळकूज घडविणाऱ्या बुरशींचे फावते. मुळे मेली तरी दमट हवेमुळे पाने काही आठवडे टवटवीत दिसतात. पाऊस थांबून ऊन तापू लागले की पानांची पाण्याची मागणी वाढते, ती पुरविण्यास मुळे उरलेली नसतात आणि झाड तांबूस पडते.

शंका आल्यास बुंध्यापासून वीतभर अंतरावर माती हलकेच उकरून एक बारीक मूळ पाहावे. ते आतून पांढरे व घट्ट असल्यास झाड जिवंत आहे. साल चिमटीत सहज निघून येत असेल, मूळ तपकिरी असून कुजकट वास येत असेल तर पाणी घालणे तात्काळ थांबवावे. थंड देशांत ही जात हिवाळ्यात तांबूस होते व वसंतात पुन्हा पिवळी होते. उरणला तशी थंडी पडत नाही. तेव्हा येथील तांबूसपणा ऋतूचा समजून स्वस्थ बसू नये.

जागेची निवड

सोनेरी रंग सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. सावलीत हे झाड साधे हिरवे होते व विरळ वाढते. निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. उरणला समुद्रावरून येणारा खारा वारा मुख्यतः पश्चिमेकडून लागतो. म्हणून घराच्या पूर्वेची किंवा आग्नेयेची बाजू उत्तम. तेथे सकाळचे ऊन मिळते आणि घराचा आडोसाही होतो. वळचणीखाली किंवा नारळाच्या झावळ्यांखाली रोप लावू नये. भिंतीपासून दोन फूट व दुसऱ्या झाडापासून तीन फूट अंतर राखावे.

माती व लागवड

भाताच्या खाचराला बांध घालून पाणी अडवावे लागते, परंतु भाताची रोपे तयार करताना शेतकरी गादीवाफा करतो, कारण कोवळ्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. मोरपंखीलाही हाच न्याय लावावा. खड्डा खणून त्यात रोप बसविण्याऐवजी जमिनीवर तीन फूट व्यासाचा व एक फूट उंचीचा उंचवटा करून त्यावर ते लावावे.

खाजणावर भराव टाकून केलेल्या जागेत खालून खारवट ओल वर येते. अशा ठिकाणी उंचवटा दीड फूट करावा व त्याच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. मिश्रणासाठी दोन घमेली पोयटा, एक घमेले जाड मुरूम किंवा विटांचा चुरा व एक घमेले चांगले कुजलेले शेणखत घ्यावे. समुद्रकाठची वाळू मुळीच वापरू नये, कारण तिच्यातील मीठ मुळांना अपाय करते.

झाडे मृगात लावण्याची आपल्याकडील रूढी इतर बहुतेक झाडांस योग्य असली तरी या झाडास ती मानवत नाही. नव्या रोपाची मुळे पसरण्यापूर्वीच मुसळधार पाऊस सुरू होतो. हस्त नक्षत्र संपल्यावर, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर या काळात लागवड केल्यास पुढील मृगापर्यंत सहा-सात महिने मिळतात. पिशवीतील मातीचा गोळा चिकट व घट्ट असल्यास त्याच्या कडा बोटांनी हलकेच मोकळ्या कराव्यात. गोळ्याचा माथा उंचवट्याच्या मातीच्या किंचित वर राहील असे रोप बसवावे.

कुंडीत लावावयाचे असल्यास बारा इंची, तळाला मोठी भोके असलेली कुंडी घ्यावी व ती विटांवर उचलून ठेवावी. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवू नये.

पाणी, खत व छाटणी

लागवडीनंतर महिनाभर दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावे. पुढे दोन बोटे माती उकरून कोरडी लागली तरच द्यावे. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळील विहिरींचे पाणी मचूळ होते. असे पाणी दिल्यास पानांची टोके करपतात व कुंडीच्या कडेवर पांढरा थर धरतो. शक्य तेथे नळाचे गोडे पाणीच वापरावे. कोरडा खारा वारा सुटल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी गोड्या पाण्याने पाने धुवावीत.

पावसाळ्यानंतर एकदा दोन ओंजळी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पुरेसे होते. युरियाने कोवळी, पोसट व हिरवी वाढ होते आणि सोनेरी झळाळी कमी होते.

छाटणी केवळ हिरव्या टोकांपुरती करावी. पाने नसलेल्या जून लाकडापर्यंत कापल्यास त्या ठिकाणी नवीन फूट येत नाही व खळगा कायमचा राहतो. झाडाच्या आतील जुनी पाने वाळणे स्वाभाविक आहे. ती हाताने झाडून काढावीत, म्हणजे आत हवा खेळते.

कीड

फेब्रुवारी ते मे या काळात लाल कोळी पडण्याचा संभव असतो. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी. कागदावर हलणारे बारीक ठिपके दिसल्यास कोळी आहे असे समजावे. प्रथम सलग तीन-चार सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने आतून-बाहेरून धुवावीत. त्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क ऊन उतरल्यावर फवारावा.

ज्या जागी एक मोरपंखी कुजून गेली तेथे तीच माती ठेवून दुसरी लावणे म्हणजे पुन्हा तोच तोटा पत्करणे होय. जुनी माती काढून टाकावी, उंचवटा करावा व मगच नवीन रोप आणावे. मे महिन्याच्या अखेरीस बागधारकांनी आपल्या अंगणात बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूस वाहते व कोठे थांबते हे पाहून घ्यावे. जेथे पाणी थांबते तेथून बाहेर जाण्यास वीतभर रुंदीचा चर पाऊस येण्यापूर्वीच काढावा. हे काम तासाभराचे आहे. परंतु ऑक्टोबरात झाड सोनेरी दिसेल की तांबूस, हे बहुतांशी त्यावरच ठरते.