एका बाकावरची व्याकरणे

गुरुजी, एकलहऱ्याला वीजकेंद्र आहे. अशा गावच्या शाळेत नाना जिल्ह्यांची लेकरं एका बाकावर बसतात. कोल्हापूरकडची मुलगी म्हणते, "मी आलो." वर्ग हसतो. अहो, तिच्याकडे बायाही तसंच बोलतात. 'मी'पुढे स्त्री-पुरुष भेद करीत नाहीत. सोलापूरकडचा मुलगा म्हणतो, "मी काम केलो." त्याचं क्रियापद 'काम'कडे न पाहता 'मी'कडे पाहतं. आपल्याच बागलाणची अहिराणी घ्या: 'मना बैल', 'मनी गाय'. लिंग कसं चोख पाळलंय! खुद्द इंग्रजांतही यॉर्कशायरकडे 'आय वॉज'ऐवजी 'आय वेअर' ऐकू येतं. पुस्तकी रूप शिकवायलाच हवं, परीक्षेत तेच लागतं. पण फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी लिहा. नाहीतर ती पोरगी पुन्हा बोट वर करणार नाही.