ॲक्शन कॅमेऱ्याचं फुटेज घरच्या लॅपटॉपवर कसं एडिट कराल? सुरुवात कार्डापासून



मागच्या सीझनमधली गोष्ट. रात्री साडेदहाला आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. हा तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेणाऱ्या बोटीवर कॅमेरा सांभाळतो. स्वतःचा ॲक्शन कॅमेरा, घरचा जुना लॅपटॉप आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पाण्याखालचा व्हिडिओ बनवून द्यायचा, असा त्याचा छोटासा धंदा. फोनवर आवाज पार उतरलेला. "सर, मोठा घोळ झालाय. काकांचा व्हिडिओच नाहीये."

काका म्हणजे सोलापूरकडचे नुकतेच रिटायर झालेले गृहस्थ. पोहता येत नाही, तरी मुलीच्या आग्रहाखातर आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरले. संध्याकाळी त्यांना व्हिडिओ मिळाला. घरातले सगळे मोबाईलभोवती गोळा झाले, आणि व्हिडिओत निघाला दुसराच माणूस! मास्क लावला की सगळे सारखेच दिसतात. खरं फुटेज शोधायला गेला तर दुपारच्या बॅचसाठी जागा हवी म्हणून कार्ड फॉरमॅट केलेलं. लॅपटॉपवरची कॉपी डिस्क भरल्यामुळे अर्ध्यावरच थांबलेली, आणि ते घाईत बघितलंच नव्हतं. फॉरमॅट केलेल्या कार्डावर नवीन काही शूट केलं नसेल, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काही वेळा फाइल परत मिळते. इथे त्याच कार्डावर आणखी चार जणांचं शूटिंग झालं होतं.

पैसे त्याने त्याच रात्री परत केले. पण म्हणाला, "सर, पैशाचं सोडा. काका काय परत पाण्यात उतरणार आहेत का?"

म्हणून आजच्या लेखात आपण एडिटिंगची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करणार नाही. ती करू कार्डापासून. ट्रेकिंग ग्रुप असो, राफ्टिंग असो, बाईक टूर असो, नियम तेच. उदाहरण मात्र तारकर्लीचंच घेऊ.

१. शूटिंगच्या वेळीच नंबर दाखवा

दोरीला बांधलेली एक छोटी पाटी बोटीत ठेवा. प्रत्येक गिऱ्हाईक पाण्यात उतरण्याआधी पाटीवर त्याचा नंबर लिहा आणि तीन सेकंद शूट करा: पाटी आणि मास्कशिवायचा चेहरा, दोन्ही एकाच फ्रेममध्ये. तोच नंबर वहीत नाव आणि मोबाईल नंबरासमोर लिहा. खर्च जवळपास शून्य, आणि काकांना दुसऱ्याचा व्हिडिओ कधीच जाणार नाही.

२. कट-पेस्ट नाही, कॉपी-पेस्ट

कार्डावरून फाइल 'कट' करून लॅपटॉपवर 'पेस्ट' करायची सवय आजच मोडा. मध्येच वीज गेली, केबल हलली, डिस्क भरली, की तुमचं फुटेज धड इथेही नाही आणि तिथेही नाही. क्रम असा ठेवा:

- आधी लॅपटॉपवर किती जागा शिल्लक आहे ते बघा.
- तारखेचं फोल्डर, त्यात नंबराप्रमाणे फोल्डर: ०१, ०२, ०३.
- फाइल कॉपी करा. कार्डावर आणि लॅपटॉपवर फाइलींची संख्या आणि एकूण साइज सारखी आहे का ते ताडून बघा.
- प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा.
- दुसरी कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा.
- मगच कार्ड फॉरमॅट करा, तेसुद्धा कॅमेऱ्यातूनच.

आता जागेचा हिशोब. कॅमेरा ६० एमबीपीएसने रेकॉर्ड करत असेल, तर हे मेगाबिट आहेत. आठने भागा, म्हणजे सेकंदाला साडेसात एमबी आणि मिनिटाला ४५० एमबी. बारा मिनिटांच्या डाइव्हला ५.४ जीबी. दिवसाला आठ गिऱ्हाइकं म्हणजे ४३ जीबी! लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची असेल आणि निम्मी आधीच भरलेली असेल, तर तिसऱ्या दिवशी तुमची गाडी अडणार. त्यामुळे दोन-तीन जास्तीची कार्डं आणि बाहेरची हार्ड डिस्क हा धंद्याचा भांडवली खर्च समजा. जास्तीचं एक कार्ड खिशात असतं, तर त्या दुपारी फॉरमॅट करायची वेळच आली नसती.

गोप्रोवाल्यांसाठी एक खास सूचना. मोठं रेकॉर्डिंग हा कॅमेरा तुकड्यांत साठवतो. 'जीएक्स०१०२३४' आणि 'जीएक्स०२०२३४' हे एकाच व्हिडिओचे पहिला आणि दुसरा भाग आहेत. शेवटचे चार आकडे व्हिडिओचा नंबर, त्याआधीचे दोन आकडे भागाचा नंबर. फोल्डरमध्ये नावाप्रमाणे लावलं तर आधी सगळ्या व्हिडिओंचे पहिले भाग दिसतात, मग दुसरे. नवीन माणूस हमखास इथे फसतो आणि एकाच्या डाइव्हला दुसऱ्याचा शेवट जोडतो.

३. लॅपटॉप जुना आहे? आधी सेटिंग बघा

"सर, व्हिडिओ अडकत अडकत चालतो, नवीन लॅपटॉप घेऊ का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. थांबा. आधी हे तीन उपाय करा.

पहिला, फोर केची हौस आवरा. फोर केच्या एका फ्रेममध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, म्हणजे लॅपटॉपला चौपट काम. गिऱ्हाईक व्हिडिओ मोबाईलवर बघणार. १०८० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम, एवढ्यावर सुरुवात करा. फोर केचा फायदा नाही असं नाही. नंतर फ्रेम कापून उभी रील काढायची असेल तर तो कामाला येतो. पण तो लॅपटॉपला झेपला पाहिजे.

दुसरा, कॅमेऱ्यात पर्याय असेल तर एच २६५ ऐवजी एच २६४ निवडा. एच २६५ मध्ये फाइल लहान होते, पण ती उलगडताना जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो.

तिसरा, प्रॉक्सी वापरा. प्रॉक्सी म्हणजे एडिटिंगपुरती बनवलेली फुटेजची हलकी नक्कल. तुम्ही कापाकापी नकलेवर करता, शेवटचा व्हिडिओ मात्र मूळ फाइलीतून बनतो.

४. सॉफ्टवेअर: फुकटचं आणि पुरेसं

चांगला लॅपटॉप असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम आहे, पण ती मशीनकडून बरंच मागते. सुरुवातीला मी शॉटकट सुचवतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, व्हिडिओवर स्वतःचा शिक्का मारत नाही आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. सेटिंग्ज मेन्यूत व्हिडिओ मोड 'एचडी १०८० पी ३० एफपीएस' ठेवा आणि तिथेच प्रॉक्सी चालू करा.

आता फक्त पाच बटणं पाठ करा. क्लिप उघडा. चांगला तुकडा जिथे सुरू होतो तिथे 'आय' दाबा, संपतो तिथे 'ओ'. मग 'ए' दाबा, तुकडा टाइमलाइनच्या शेवटी जाऊन बसतो. टाइमलाइनवर कापायचं असेल तर 'एस', आणि नको असलेला तुकडा मधली मोकळी जागा भरून काढून टाकायचा तर 'एक्स'. मधूनमधून कंट्रोल-एस विसरू नका, कोकणातली वीज तुम्हाला विचारून जात नाही.

५. काय ठेवायचं, काय टाकायचं?

आता काकांच्या गोष्टीचा पुढचा भाग. त्या रात्री मी त्याला म्हटलं, "अरे, काकांनंतर पाण्यात कोण उतरलं होतं? त्याचं फुटेज बघ." त्याने दुपारच्या बॅचचं सगळं फुटेज पुन्हा पाहिलं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या क्लिपमध्ये, अगदी मागे, काका बोटीच्या शिडीला धरून होते. त्यांनी मास्क काढला, मुलीकडे बघितलं आणि लहान मुलासारखे खळखळून हसले. सगळे मिळून अकरा सेकंद. त्याने तेवढाच भाग मोठा करून, माफी मागून पाठवला. दुसऱ्या दिवशी मुलीचा मेसेज आला की बाबांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय.

मित्रांनो, माझ्या मते एडिटिंगचा अख्खा कोर्स या अकरा सेकंदांत आहे. गिऱ्हाईक मासे विकत घेत नाही. मासे त्याला टीव्हीवरही दिसतात. तो स्वतःचा चेहरा विकत घेतो: उतरण्याआधीची भीती आणि वर आल्यावरचं हसू. बारा मिनिटांच्या फुटेजमधून हे शोधून काढायचं, बाकीचं सोडून द्यायचं. व्हिडिओ दीड मिनिटाचा पुरे. साधारण क्रम असा:

- बोटीवरचा चेहरा आणि घाबरलेलं बोलणं: १० सेकंद
- पाण्यात उतरणं: १० सेकंद
- पाण्याखाली, चेहरा किंवा हाताची 'ओके' खूण दिसेल असे चार-पाच तुकडे: ४० सेकंद
- मासे आणि प्रवाळ: १५ सेकंद
- वर येणं, मास्क काढणं, हसणं: १५ सेकंद

शेवटचे पंधरा सेकंद मिळवायचे तर गिऱ्हाईक वर आल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका. बहुतेक जण नेमकं तिथेच रेकॉर्डिंग थांबवतात.

एखादा क्षण संथ दाखवायचा असेल, तर ६० फ्रेमने घेतलेल्या क्लिपचा स्पीड ०.५ करा. ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर ती न अडखळता चालते. पण एका व्हिडिओत असं एकदाच करा.

६. रंग आणि आवाज

पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी शोषला जातो. काही मीटर खाली गेलं की माणूस निळा-हिरवा दिसायला लागतो. शॉटकटमध्ये 'व्हाइट बॅलन्स' फिल्टर लावा आणि त्यातल्या पिकरने फ्रेममधली एखादी पांढरी किंवा राखाडी वस्तू निवडा. त्वचेचा रंग बराचसा माणसात येतो. पाणीच गढूळ असेल तर रंग भडक करून उपयोग नाही. त्या दिवशी जवळून घेतलेले तुकडेच वापरा.

बोटीवरचं बोलणं आणि हसणं मूळ आवाजात ठेवा, संगीत फक्त पाण्याखालच्या भागाला. सिनेमातलं गाणं टाकायचा मोह होतो, पण असा व्हिडिओ तुमच्या चॅनलवर टाकलात तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे. काही तुकड्यांना श्रेय द्यावं लागतं, तेवढं वाचून घ्या.

७. वेळ म्हणजेच नफा

समजा, व्हिडिओचे तुम्हाला ३०० रुपये सुटतात. एका व्हिडिओला दीड तास लागला तर आठ गिऱ्हाइकांना बारा तास! म्हणजे रात्रभर जागरण, आणि सकाळी पुन्हा बोट. हा धंदा आठवडाभरही चालणार नाही. घड्याळ लावा: एका व्हिडिओला पंधरा मिनिटं. आठ व्हिडिओ, दोन तास.

हे जमतं कसं? सुरुवातीचं नाव, शेवटचा तुमचा नंबर आणि संगीत लावलेला एक प्रोजेक्ट तयार ठेवा. दर वेळी तो उघडून आधी नव्या नावाने सेव्ह करा, मग मधले तुकडे भरा. एक्स्पोर्टला लावलेली कामं शॉटकट रांगेत ठेवतं. आठही लावा आणि जेवायला जा.

एक्स्पोर्ट एच २६४, १०८० पिक्सेल, बिटरेट १२ एमबीपीएसच्या आसपास. दीड मिनिटाची फाइल साधारण १३५ एमबी होते. व्हॉट्सॲपवर ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे क्वालिटी मरत नाही. रेंज नसेल तर मोबाईलला जोडता येणारा ओटीजी पेन ड्राइव्ह जवळ ठेवा. आणि पाठवण्याआधी पाटीवरचा नंबर वहीशी जुळवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. गिऱ्हाइकाचा व्हिडिओ स्वतःच्या जाहिरातीसाठी टाकायचा असेल तर आधी विचारा, आणि होकार वहीत लिहून ठेवा. मुलं आणि बायका असतील तर जास्तच काळजी घ्या. ओल्या कपड्यातला आपला फोटो गावभर फिरावा असं कुणालाच वाटत नाही. न विचारता टाकलेल्या एका रीलने मिळालेली गिऱ्हाइकं, गेलेल्या विश्वासापुढे काहीच नाहीत.

तो मुलगा आता पाटी वापरतो, तीन कार्डं बाळगतो, आणि व्हिडिओ गिऱ्हाइकाने बघून "मिळाला" म्हटल्याशिवाय मूळ फुटेज पुसत नाही. कॅमेरा तोच, लॅपटॉपही तोच.

तुमचा गृहपाठ: धंदा सुरू व्हायची वाट बघू नका. या रविवारी घरच्याच कुणाचं दहा मिनिटं शूटिंग करा. मुलांची सायकल चालेल, आईची गच्चीवरची बाग चालेल. वरच्या क्रमाने कॉपी करा, ताडून बघा, घड्याळ लावून पंधरा मिनिटांत दीड मिनिटाचा व्हिडिओ बनवा. पहिल्यांदा तासभर लागेल, लागू दे. पाचव्या वेळी किती लागला ते कमेंटमध्ये नक्की सांगा.

चला, कामाला लागा!