तीन आण्यांची शिस्त

कचेरीतील मोह म्हटला की लाचेचे पाकीट डोळ्यांसमोर येते. वस्तुतः बहुसंख्य नोकरदारांच्या वाट्याला असे पाकीट क्वचितच येते. त्यांच्या वाट्याला येतो तो किरकोळ मोह. न केलेल्या प्रवासाचे भत्त्याचे बिल, सरकारी मोटारीतून उरकलेले घरचे काम, ओळखीच्या माणसाची वर सरकवलेली फाइल. रक्कम अल्प असते, साक्षीदार नसतो आणि ‘सगळेच करतात’ हे समर्थन तयारच असते. या मोहाला धर्मश्रद्धा कितपत आवर घालू शकते, या प्रश्नाचे एक उत्तर वर्ध्याच्या मगनवाडीशी निगडित आहे.

डॉ. जे. सी. कुमारप्पा १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण, मुंबईत व्यवसाय आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास, असा त्यांचा सुखासीन आयुष्याकडे नेणारा मार्ग होता. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि तो मार्ग त्यांनी सोडला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या कार्यवाहपदाची धुरा त्यांच्याकडे आली. जमनालाल बजाज यांनी दिलेली मगनवाडी हे संघाचे केंद्र बनले.

त्याच वर्षी, १५ जानेवारीला, बिहारमध्ये प्रलयंकारी भूकंप झाला होता. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या हिशेबांची जबाबदारी कुमारप्पांवर होती. स्वयंसेवकाच्या जेवणासाठी दररोज तीन आणे, एवढीच मर्यादा त्यांनी घालून दिली. पुढे गांधीजी आपल्या परिवारासह तेथे आले, तेव्हा त्यांचा खर्च मदतनिधीतून करता येणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना बजावले. मोटारीच्या पेट्रोललाही हाच न्याय लागू होता. निधी भूकंपपीडितांचा आहे, पाहुण्यांचा नव्हे, ही भूमिका गांधीजींनीही मान्य केली.

या प्रसंगाचे मर्म करारीपणाच्याही पलीकडचे आहे. नियम पाहुणे येण्यापूर्वी ठरला होता, आणि म्हणूनच पाहुणे आल्यावर तो टिकला. ख्रिस्ती श्रद्धेशी या गोष्टीचे नाते निकटचे आहे. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहे. त्याच प्रार्थनेत पुढे परीक्षेपासून दूर ठेवण्याचीही याचना आहे. मोहासाठी मराठी बायबलाने योजलेला ‘परीक्षा’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. भक्त येथे परीक्षेत झुंजण्याचे बळ मागत नाही. तो प्रसंगच टळावा, असे मागतो. स्वतःच्या मनोबलाविषयीचा हा नम्र अविश्वास होय. प्रार्थनेतील ही नम्रता व्यवहारात उतरली की तिचे रूप पावती, जमाखर्च आणि आधी ठरवलेली मर्यादा असेच असते.

शुभवर्तमानांना पैशाच्या मोहाचे भान पुरेपूर आहे. बारा शिष्यांची पैशाची थैली सांभाळणारा यहूदा इस्कर्योत तीतील पैसे काढून घेत असे, असे योहान नमूद करतो. विश्वासघात त्या एका रात्री अकस्मात घडला नाही. त्याची तयारी थैलीत आधीपासून चालू होती, असे म्हणावयास जागा आहे. उलट जकातदार जक्कय याचा पश्चात्ताप आकड्यांत व्यक्त होतो: अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत.

जबलपूरच्या तुरुंगात असताना कुमारप्पांनी येशूच्या आचरणावर व उपदेशावर एक पुस्तक लिहिले आणि ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हा आपला ख्यातनाम ग्रंथही तेथेच लिहिला. ही दोन कामे त्यांच्या दृष्टीने भिन्न नव्हती. काहीही न देता केवळ घेणे ही त्यांच्या वर्गीकरणात अर्थव्यवहाराची खालची पायरी. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता देणे ही सर्वांत वरची. आंब्याच्या बागेत फळे पळविणारे माकड खालच्या पायरीवर आहे. खोटे बिल सादर करणारा सुशिक्षित कारकून किंवा प्राध्यापक त्याहून वर कसा ठरेल? सार्वजनिक पैशाचा मालक समोर उभा नसतो, एवढाच काय तो फरक. बिहारमध्ये तो मालक पडक्या घराशी बसला होता. वर्धा जिल्ह्यात तो तहसिलीच्या व्हरांड्यात दाखल्यासाठी ताटकळत असतो.

अर्थात या मार्गातही एक धोका आहे. मोहाला नकार देणाऱ्याला आपल्या शुचितेचा मोह पडू शकतो. कुमारप्पांचा स्वभाव तापट होता, आणि कठोर हिशेबनीस सहकाऱ्यांना नेहमीच सुसह्य वाटतो असे नाही. शिवाय प्रामाणिकपणा ही कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नव्हे. तथापि श्रद्धा माणसाला एक गोष्ट निश्चित देते: कोणी पाहत नसतानाही आपण एकटे नाही, ही जाणीव. लेखापरीक्षक वर्षातून एकदा येतो. ही जाणीव रोज कामावर हजर असते.

आज पैसे भ्रमणध्वनीवरून जातात, हजेरी यंत्रावर नोंदली जाते. यंत्राला वेळ कळते, काम कळत नाही. त्यामुळे ठरावीक वेळी अंगठा उमटवून दिवसभर काम टाळणे आजही शक्य आहे. १९३४ साली तीन आण्यांच्या मर्यादेला गांधीजींचाही अपवाद झाला नाही. आपल्या मर्यादेला पहिला अपवाद बहुधा आपण स्वतःसाठीच करतो. श्रद्धेची खरी कसोटी तेथेच लागते.