घोड्याचे पाय आणि कॅमेऱ्याचा डोळा

घोडा चौखूर उधळला, की त्याचे पाय कसे पडतात? टक लावून पाहिले तरी सांगता येणार नाही. पाय इतके भरभर हलतात, की आपल्या डोळ्याला ते वेगवेगळे दिसतच नाहीत.

पूर्वीचे चित्रकारही इथेच फसत. पुढचे पाय पुढे अन् मागचे मागे ताणलेले, असा धावता घोडा ते काढीत. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने याचा छडा लावला. त्याने धावपट्टीच्या कडेला ओळीने १२ कॅमेरे मांडले आणि वाटेत आडवे दोरे बांधले. घोडा धावला. एकेक दोरा तुटला, तसा एकेक फोटो निघाला. घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात, हे खरे निघाले. पण तेव्हा ते ताणलेले नसतात, पोटाखाली गोळा झालेले असतात!

फ्रान्समधले शास्त्रज्ञ मारे यांनी हे फोटो पाहिले. १८८२ साली त्यांनी बंदुकीसारखा कॅमेरा बनवला. तो सेकंदाला १२ फोटो काढी. १८९४ साली त्यांनी पडत्या मांजराचे चित्रण केले. उलटे सोडलेले मांजर हवेतल्या हवेत आधी पुढचे अंग वळवते, मग मागचे, आणि पायांवर उतरते. अशा फोटोंवरून चित्रकार बिनचूक चित्रे काढू लागले. शास्त्रज्ञांना प्राण्यांची चाल उमगली.

आपले दादासाहेब फाळके चित्रकला शिकलेले. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ रोज थोडीथोडी टिपली. पडद्यावर रोप बघता बघता वाढले! घोडा फार जलद, रोप फार सावकाश. कॅमेऱ्याने दोन्ही दाखवले. असे जुने चित्रपट जपणाऱ्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची एक इमारत आमच्या कोथरूडात आहे.

आता कॅमेरा आपल्या मोबाईलमध्ये आला आहे. बैल लंगडू लागला, तर त्याला सपाट, कठीण जमिनीवर सावकाश चालवा. बाजूने, पुढून आणि मागून चित्रण करा. मग ते संथ गतीने पाहा. पाठीला कमान येते का? एखादा पाय टेकताना डोके वर उचलते का? एखादे पाऊल आखूड पडते का? हे चित्रण जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मुके जनावर दुखणे सांगत नाही, पण त्याची चाल सांगते. दुखणे लवकर कळले, तर ऐन पेरणीत बैल दावणीला बसून राहणार नाही.