गोड वाइनचा आंबट कणा

गोड रस आंबतो कसा, हे मांडव्याच्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको. माडाच्या पोयीला छेद देऊन मडकं बांधलं की रात्रभरात साठलेला रस पहाटे गोड असतो. ऊन वर आलं की त्याला फेस धरतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची माडी होते. नीरा म्हणूनच तो विकायचा असेल तर मडक्याला आतून चुना फासतात आणि उतरवल्याबरोबर रस थंडाव्यात नेतात. हवेतलं यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं; चुना आणि थंडावा त्याला आवर घालतात. भंडाऱ्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेली ही गोष्ट जगातल्या महागड्यात महाग गोड वाइनच्याही मुळाशी आहे. साखर किती खाऊ द्यायची आणि कुठे थांबवायचं, एवढाच काय तो प्रश्न.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली २०२० साली. तेव्हापासून मुंबईकरांच्या गाड्या थेट मांडव्याला उतरतात आणि आवास, झिराड, किहीमच्या बंगल्यांत जाणाऱ्या सामानात नाशिकच्या वाइनही असतात. त्यांतली एक बाटली सहसा मागे राहते. ३७५ मिलिलिटरची, नेहमीच्या बाटलीच्या निम्मी. आत सोनेरी वाइन आणि लेबलवर 'लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां'. पाहुण्यांपैकी कोणीतरी ती जेवणानंतर गुलाबजामाबरोबर उघडतं, एक घोट घेतं आणि ठेवून देतं. आपल्याकडे होणाऱ्या वाइनमधली सर्वांत जोखमीची वाइन अशी गुलाबजामापुढे वाया जाते, याचं मला वाईट वाटतं.

या किनाऱ्यावर द्राक्ष होत नाही. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि उरलेलं वर्षभर खारी, दमट हवा, म्हणजे भुरी आणि डाऊनी या रोगांना आयतं आमंत्रण. तरीही सुकवलेल्या द्राक्षांच्या गोडीशी इथली ओळख जुनी आहे. मांडव्याच्या दक्षिणेला, अलिबागच्या वाटेवर, नवगाव आहे. बेने इस्राएल या ज्यू समाजाचे पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवार पाळणारे तेली म्हणून रायगडातल्या गावांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. शब्बाथच्या प्रार्थनेसाठी द्राक्षारस हवा, पण कोकणात द्राक्षं कुठली? मग मनुका भिजवून, कुस्करून त्यांचं सरबत करायची रीत पडली. ते आंबवलेलं नसतं, म्हणून त्याला वाइन म्हणता येणार नाही. पण द्राक्षातलं पाणी गेलं की उरतो तो रस घट्ट आणि गोड असतो, हे सूत्र तेच. गोड वाइन करणारे पाणी काढायच्या निरनिराळ्या युक्त्या शोधत आले, इतकंच.

यातली सर्वांत नावाजलेली युक्ती बुरशीची. फ्रान्समध्ये बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न नावाचा लहानसा टापू आहे. तिथे सिराँ ही थंड पाण्याची छोटी नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. शरद ऋतूत त्या संगमावर सकाळी धुकं धरतं आणि दुपारी ऊन पडतं. धुक्यात बोट्रायटिस नावाची बुरशी पिकल्या द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म भोकं पाडते, उन्हात त्यांतून पाणी उडून जातं आणि मणी सुरकुतून तपकिरी पडतो. दिसायला किळसवाणा, आत मात्र मध, केशर, जर्दाळू यांच्या वासाचा अर्क. पण दुपारचं ऊन पडलं नाही तर तीच बुरशी अख्खा घड कुजवते. शातो दिकेम या तिथल्या सर्वश्रेष्ठ घराण्यात तोडणारे मजूर एकाच बागेत पुन्हा पुन्हा जातात आणि दर खेपेला फक्त तयार मणी वेचतात. एका वेलीपासून एक पेला वाइन, असा तिथला हिशेब सांगतात. १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत सगळ्यांच्या वरचा स्वतंत्र दर्जा या एकाच गोड वाइनला मिळाला. आणि साल मनासारखं नसेल तर ही मंडळी वाइन काढतच नाहीत: १९७२, १९७४, १९९२, २०१२ या सालांची दिकेम बाजारात नाही. हंगेरीची टोकाई याच बुरशीवर उभी आहे. जर्मनी आणि कॅनडात द्राक्षं वेलीवर गोठू देतात आणि गोठलेलीच दाबतात, म्हणजे पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि साखर वाहून येते. पोर्तुगालच्या पोर्टची तऱ्हा वेगळी. तिथे रस अर्धा आंबला की त्यात द्राक्षाचाच कडक मद्यार्क ओततात; यीस्ट मरतं, साखर वाचते. गोव्यात 'पोर्ट' या नावाने विकली जाणारी गोड लाल वाइन पोर्तुगीज अमलाचीच आठवण आहे, पण दोन्हींच्या दर्जात समुद्राएवढं अंतर आहे.

नाशिकला धुकं नाही, बर्फ नाही. आहे ते ऊन. म्हणून इथे द्राक्ष वेलीवरच उशिरापर्यंत सुकू देतात; लेट हार्वेस्ट म्हणजे तेच.

समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवरच्या या पट्ट्यात खाण्याची द्राक्षं आधीपासून होतीच. वाइनचा रस्ता मात्र पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने ऐंशीच्या दशकात मळून ठेवला होता. स्टॅनफर्डमध्ये शिकलेले आणि ओरॅकलमधली नोकरी सोडून परतलेले राजीव सामंत यांनी १९९७ साली नाशिकमध्ये सोव्हिनिओं ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या. २००० साली त्यांच्या सुला वायनरीची पहिली वाइन आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभाच्या नावावरून. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि मग वायनऱ्यांची रांग लागली. सुलाची लेट हार्वेस्ट सर्वांत ओळखीची. निफाडजवळच्या कुंदेवाडीत व्हिंटेज वाइन्सच्या रेव्हेलो या नावानेही लेट हार्वेस्ट शेनिन निघते. इगतपुरीकडच्या वलोने या छोट्या वायनरीने तर आपल्या गोड वाइनला 'व्हँ द पासरियाज' म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची वाइन असंच नाव दिलं.

शेनिन ब्लांची निवड इथे फार मोलाची ठरली. ही जात मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, आणि तिथेही बोनझो, कार द शोम अशा नामांकित गोड वाइन तिच्यापासूनच होतात. तिचा गुण म्हणजे आंबटपणा. पिकली तरी ती सहजासहजी सगळं आम्ल सोडत नाही. नवख्याला वाटतं की गोड वाइनमध्ये महत्त्वाची ती साखर. खरं तर साखर घालणं हे सूर्याचं काम आहे आणि नाशिकला तो ते फुकट करतो. आम्ल नसेल तर उरतं ते नुसतं सरबत, जिभेला चिकटणारं, दुसरा घोट नको वाटायला लावणारं. चांगल्या गोड वाइनचा घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं. ते काम आम्लाचं.

नेमकी इथेच नाशिकची अडचण सुरू होते. ल्वार काय किंवा सोतेर्न काय, तिथे द्राक्ष जितकं उशिरापर्यंत वेलीवर राहील तितका काळ हिवाळ्याकडे सरकतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशी हवा थंड होत जाते आणि थंडीत मण्यातलं मॅलिक आम्ल टिकून राहतं. आपल्याकडे सगळं उलटं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरला की गोडी छाटणी आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारीपासून मार्चपर्यंत. जानेवारीच्या रात्री छान थंड असतात. निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. पण उशिरा तोडायचं म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जायचं. तिथे दुपारच्या उष्णतेत मणी आपल्यातलंच मॅलिक आम्ल जाळतो. एकीकडे पाणी उडून साखर आणि टार्टारिक आम्ल घट्ट होत असतं, दुसरीकडे मॅलिक आम्ल संपत चाललेलं असतं. या दोन गतींच्या मध्ये जो आठवडा-दीड आठवडा सापडतो, त्यातच वाइन असते. तो चुकला की वायनरीत टार्टारिक आम्ल घालून तोल सावरावा लागतो. उष्ण प्रदेशांत ही रूढ पद्धत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण वेलीवर टिकलेलं आम्ल आणि पोत्यातून घातलेलं आम्ल यांतला फरक सरावलेल्या जिभेला कळतो.

आता हे बागेत जाऊन पाहा. कोरड्या वाइनसाठी शेनिन २२-२३ ब्रिक्सला तोडतात. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकला की साखरेचा हा आकडा दिसतो. शेजारच्या ओळी रिकाम्या झाल्या, गाड्या भरून गेल्या, आणि लेट हार्वेस्टसाठी राखलेल्या ओळी तशाच उभ्या. ठिबकचं पाणी तोडलेलं. मणी मऊ पडतात, साल सैल होते, सोनेरी रंगावर तांबूस झाक येते. खाण्याच्या द्राक्षाचा व्यापारी असा घड हातात धरणार नाही. पण बुलबुल, साळुंक्या, मधमाश्या, गांधीलमाश्या सगळ्यांना पत्ता लागलेला असतो. जाळी लावावी लागते. आकाशाचा भरवसा नाही. फेब्रुवारीत अवकाळी आला तर मणी पाणी पिऊन तडकतात, आणि तडकलेल्या मण्यात आंबणं सुरू होतं ते बागेतच. गारपीट झाली तर विषयच संपला. शिवाय वेलीवर फळ जास्त दिवस राहिलं की तिला विसावा कमी, खरड छाटणी मागे आणि पुढच्या हंगामाची काडी कमजोर. वजन घटतं ते वेगळंच. किलोवर पैसे घेणाऱ्या शेतकऱ्याने आपला माल मुद्दाम सुकू द्यायचा, तर वायनरीने दर तसाच चढा द्यायला हवा. छोट्या बाटलीची किंमत मोठ्या बाटलीइतकी का, असं विचारणाऱ्याला मी आधी या ओळी दाखवीन.

तासगावचा बेदाणा करणाराही द्राक्ष सुकवतो. पण तोडून, डिपिंग ऑइलमध्ये बुडवून, शेडमधल्या सावलीत, आणि पंधरवड्याच्या आत त्याचा जीव भांड्यात पडतो. इथे शेडही नाही आणि छप्परही नाही.

तोडणी पहाटे, ऊन यायच्या आत. हाताने, छोट्या क्रेटमध्ये, काळा पडलेला घड बाजूला टाकत. सुकत आलेली द्राक्षं दाबणं कंटाळवाणं काम आहे: प्रेसमधला फुगा हळूहळू फुगवतात, रस पाकासारखा थेंबाथेंबाने उतरतो आणि नेहमीच्या मानाने जेमतेम निम्मा मिळतो. थंड टाकीत गाळ बसला की यीस्ट घालतात. एवढ्या साखरेत यीस्टलाही श्वास लागतो. फार ताण पडला तर ते व्हिनेगरच्या वासाचं आम्ल तयार करू लागतं. म्हणून टाकीचं तापमान १४-१६ अंशांवर धरून त्याला सावकाश, कित्येक आठवडे काम करू देतात.

हिशेब ढोबळ मानाने असा. ३० ब्रिक्सच्या रसात लिटरला सुमारे ३२० ग्रॅम साखर असते. साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं. १२ टक्क्यांवर थांबवलं तर दोनशेच्या वर ग्रॅम खर्ची पडतात आणि ११५ च्या आसपास उरतात. थांबवायचं म्हणजे टाकी एकदम शून्याजवळ नेऊन यीस्टला गारठवायचं, मग सल्फर डायऑक्साइड आणि शेवटी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून वाइन पार करायची, म्हणजे यीस्टची पेशीसुद्धा पलीकडे जाणार नाही. एखादी गेलीच, तर बाटलीत ती पुन्हा कामाला लागते आणि मे महिन्यात कोणाच्या तरी कपाटात बूच उडतं. दिकेमसारखी ही वाइन वर्षानुवर्षं ओकच्या पिंपात ठेवत नाहीत. पोलादी टाकीतून लवकर बाटलीत येते, त्यामुळे तिच्यात आंबा, मध, पिकलेली पपई असे ताज्या फळांचे वास राहतात. नाशिकच्या वाइनला तेच शोभतं, असं माझं मत. दिकेमची नक्कल करायची हौस कोणी करू नये. धुकं विकत मिळत नाही.

खटकतं ते एवढंच की काही वर्षांच्या बाटल्यांत साखर पुढे आणि आम्ल मागे राहिलेलं असतं. गोड आवडणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चालतं, म्हणून दुरुस्तीची घाई कोणाला नसते. शातो दिकेमने साल सोडून देण्याचं जे धाडस दाखवलं, ते आपल्याकडच्या एखाद्या वायनरीने एकदा दाखवावं. त्या नावाला मग वेगळंच वजन येईल.

प्यायची कशी? नियम सोपा आहे: ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड नको. पुरणपोळी, मोदक, श्रीखंड यांच्यापुढे ती आंबट आणि पांचट लागते, आणि दोष तिच्या माथी जातो. फ्रेंच लोक तिच्याबरोबर खारट निळं चीज खातात. मांडव्याला त्याहून सोपा जोडीदार आहे: लसणीचं वाटण लावून तळलेली तिखट कोळंबी. साखर तिखटाला शमवते, आम्ल तेल कापतं. खारवलेले काजूही चालतील. मधुमेह असलेल्यांनी मात्र एवढं ध्यानात ठेवावं, की साठ मिलिलिटरच्या पेल्यात सातेक ग्रॅम साखर जाते.

बोटीने नेणार असाल तर बाटली गाडीच्या डिकीत टाकू नका. मांडव्याच्या उन्हात बंद डिकी तापते आणि नाशिकने आठवडेच्या आठवडे थंडाव्यात सांभाळलेलं एका दुपारीत शिजून जातं. बर्फाच्या पेटीतून न्या, आठ-दहा अंशांवर लहान पेल्यात ओता, उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. आठवडाभर तिला काही होत नाही.