खर्डीचा नोकरदार व आगगाडी

इ. स. १८६१ सालीं लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोंचला, तेव्हांपासून आगगाडी खर्डीवरून धांवत आहे. तथापि कल्याणपुढें कसाऱ्याकडे मेल, मालगाड्या व लोकल एकाच जोडमार्गावर चालत आल्या. म्हणून लोकलच्या फेऱ्या थोड्या, आणि तिसऱ्या मार्गाची निकड मोठी. तानसा-भातसाचें पाणी याच शहापूर तालुक्यांतून अहोरात्र मुंबईस जातें. माणसास मात्र गाडीची वाट पाहावी लागते!

परंतु माझ्या मतें खरी उणीव स्टेशनाबाहेर आहे. रात्रीं लोकलमधून उतरल्यावर पाड्यावर जाण्यास वाहन मिळेना, म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीनें ठाण्याची चांगली नोकरी सोडली. गाड्या वाढल्या तरी तिचा तो शेवटचा कोस तसाच राहणार. पहांटेच्या लोकलपूर्वीं पाड्यांवरून व रात्रीच्या लोकलनंतर स्टेशनावरून एस.टी. सुटावी, एवढेंच तिच्या वडिलांचें मागणें आहे.